हात बरा होईपर्यंत खोली कशी राखायची

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझा निरोप वाचला. पॉवर प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं चेचली, काम बंद, दोन महिन्यांचं भाडं थकलंय आणि घरमालक म्हणतात, एक तारखेला खोली मोकळी कर. सामान गावी पाठवू का, असं तू विचारतोस. इतक्यात नको. भोसरीतून एकदा बाहेर पडलास की ईएसआयची (कामगारांच्या सरकारी विम्याची) तपासणी, ठेकेदाराकडचे पैसे, कोर्ट, सगळंच लांब जाईल.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. काम करता येत नाही म्हणून भाडं माफ होत नाही. कायद्यात तशी सोय नाही आणि तशी आशा मी तुला लावणार नाही. कायदा देतो तो वेळ. त्या वेळात दुखापतीचे पैसे सुरू झाले, तर खोली राहते. म्हणून हाताचं प्रकरण आणि खोलीचं प्रकरण वेगळं धरू नकोस.

तुझ्याकडे किती वेळ आहे, ते कागदावर ठरतं. अकरा महिन्यांचा नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार, असेल, तर शेवटची तारीख आजच बघ. ती उलटल्यावर अडून बसण्यात शहाणपण नाही. घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी प्रकरणं ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतात आणि त्या दिवसांची भरपाई करारातल्या रकमेच्या दुप्पट दराने लागू शकते. अशा वेळी महिना-दीड महिन्याची मुदत लेखी मागून घ्यावी, हे माझं स्पष्ट मत.

पण तू म्हणतोस, करारच केला नव्हता. मग घाबरू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नसेल, तर कोणत्या अटींवर खोली घेतली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं आहे, हे समोरच्याने सिद्ध करायचं. तू भाड्याने राहतोस हे दाखवायला फोनवरून पाठवलेल्या भाड्याच्या नोंदी, गॅसचं पुस्तक, आधारवरचा पत्ता, जे असेल ते एका पिशवीत जमा कर.

भाडेकरूला थकबाकीवरून काढायचं, तर आधी लेखी नोटीस आणि ती मिळाल्यापासून 90 दिवस. त्याआधी दावाच लावता येत नाही. दावा लागला, तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकलेली रक्कम साल 15 टक्के सरळ व्याजाने आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरलीस आणि पुढचं भाडं नियमित भरत राहिलास, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. तोंडी ‘एक तारीख’ ही नोटीस नव्हे. पोलिसांची धमकी देतील. पण खोली रिकामी करवून घ्यायला कोर्टाचा हुकूम लागतो. पाणी किंवा वीज तोडली, तर तो याच कायद्याखाली गुन्हा आहे. जबरदस्तीने बाहेर काढलं, तर ताबा परत मागण्याचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो.

आता हाताबद्दल. खरी लढाई इथे आहे. अपघात झाल्यावर ठेकेदाराने तुला कुठे नेलं आणि केसपेपरवर काय लिहिलंय? ‘घरी पडून लागलं’ असं लिहून घेतात, रे. पोरगं वेदनेने तळमळत असतं, सुपरवायझर शेजारी उभा असतो, डॉक्टर विचारतात आणि उत्तर तो देतो. नंतर त्याच एका ओळीवर सगळं अडतं. तसं लिहिलं असेल, तर आता तपासणीला जाशील तेव्हा स्वतः डॉक्टरांना सांग की कामावर, मशीनवर लागलं, आणि तशी नोंद करायला लाव. ज्यांनी तुला उचललं, त्या दोघा-तिघांची नावं आणि नंबर लिहून ठेव. त्यांनाही नोकरीची भीती आहे. त्यांच्यावर रागावू नकोस.

पगारातून ईएसआय कापला जात होता का, हे पगारपत्रकावर दिसेल. कापला जात असेल, तर कामावरच्या दुखापतीसाठी काम बंद असलेल्या काळात मजुरीच्या 90 टक्क्यांच्या आसपास रक्कम मिळते. त्यासाठी कंपनीकडून अपघाताचा अहवाल जायला हवा आणि ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला वेळच्या वेळी जमा व्हायला हवा. एक दाखला चुकला की तेवढ्या दिवसांचे पैसे अडकतात. बोटं कायमची अधू झाली, तर पुढे वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्यावर दरमहा रक्कम बसते. ईएसआयमध्ये नावच नसेल, तर नुकसानभरपाईचा दावा लावावा लागेल. त्याचं बघू आपण.

दोन्हीकडे एक पथ्य पाळ. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही. ‘राजीखुशीने खोली सोडतो’, ‘कंपनीकडून सर्व रक्कम मिळाली’ असले कागद घाईत पुढे सरकवले जातात. दहा हजार हातावर ठेवतील आणि आयुष्यभराचा हक्क लिहून घेतील. आणि मोबाईलवरच्या झटपट कर्जाने भाडं भरू नकोस. घरमालक तीन महिने थांबेल, ते लोक तीन दिवस थांबत नाहीत.

घरमालकांना शत्रू समजू नकोस. तुझे घरमालक कंपनीतून निवृत्त झालेले, चार खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारे. आईला सोबत घेऊन जा आणि लेखी पत्र दे: अपघात अमुक तारखेला झाला, सोबत केसपेपरची प्रत, ईएसआयचा अर्ज केला आहे, तोवर डिपॉझिटमधून एक महिना वळता करावा, या महिन्यात इतकी रक्कम देतो. जमेल तेवढीच लिही, पण ती दिलेल्या दिवशी दे. घेत नसतील, तर खात्यावर पाठव आणि कोणत्या महिन्याचं भाडं ते नमूद कर. पावती माग, पावती देणं त्यांना बंधनकारक आहे.

नोटीस आली, तर पाकीट फेकू नकोस, त्यावरच्या शिक्क्यालाही महत्त्व असतं. सरळ पुण्यात शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळू शकतो. 15100 या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन केलास तरी चालेल.

घरमालकांना द्यायचं पत्र आज रात्री लिही. हाताला पट्टी असेल तर बहिणीकडून लिहून घे, रकमेची जागा मोकळी ठेव आणि फोटो काढून मला पाठव. केसपेपरचाही पाठव, आधी तो वाचायचाय मला.

तुझा,
काका