वाचकांचे प्रश्न : सुरुवात कोणी करायची?

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही चौघे मित्र विश्रामबागेत राहतो, शाळेपासून एकत्र आहोत. कामानिमित्त आमच्यातल्या दोघांचा अमेरिकेतल्या पिट्सबर्गशी संबंध आला आणि तिथल्या स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा नाद चौघांनाही लागला. रविवारी रात्री साडेदहाला, थंडीत साडेअकराला सामना लागतो आणि आम्ही कोणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत जमतो. 2024 च्या हंगामात पहिला क्वार्टरबॅक (चढाईची चाल सुरू करणारा खेळाडू) रसेल विल्सन पोटरीच्या दुखापतीने बाहेर बसला. जस्टिन फील्ड्सने सहा सामने खेळून चार जिंकून दिले. तरी सातव्या सामन्याला प्रशिक्षक माइक टॉमलिन यांनी फील्ड्सला बसवून विल्सनला उतरवलं. विल्सनने आधी सपाटा लावला, पण शेवटी संघ ओळीने पाच सामने हरला. आमच्यातले दोघं म्हणतात फील्ड्सवर अन्याय झाला, दोघं म्हणतात जागा विल्सनचीच होती. आता ते दोन्ही खेळाडू संघ सोडून गेले, तरी आमचं भांडण मिटत नाही. दिवाळीपासून दोघांनी एकमेकांशी बोलणंच टाकलंय. तुम्ही आयुष्यभर मुलामुलींचे संघ निवडलेत. तुम्हीच सांगा, बरोबर कोण?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मुलीला फोन लावला. ती पिट्सबर्गला नोकरीला होती तेव्हा, 2019 साली, दसऱ्यापासून नाताळपर्यंत मी तिच्याकडे राहिले होते. त्यामुळे तुमचं दुखणं मला चांगलं कळतं. त्या वर्षी बेन रॉथलिसबर्गरचं कोपर हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात गेलं होतं. त्याच्या जागी मेसन रुडॉल्फ आला. रुडॉल्फच्या डोक्याला मार लागला तेव्हा डेव्हलिन हॉजेस आला. या मुलाला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या वेळी एकाही संघाने घेतलं नव्हतं. मग रुडॉल्फ परत आला, त्याला बसवून पुन्हा हॉजेस. सगळ्या गावात एकच विषय. वाणसामानाच्या दुकानात हळदीसारखा पिवळा टॉवेल खांद्यावर टाकलेली माणसं रांगेत उभी राहून वाद घालायची, ‘रविवारी कोण?’ नाताळच्या आधीच्या रविवारी आम्ही घरी टीव्हीवर न्यूयॉर्क जेट्सविरुद्धचा सामना बघत होतो. हॉजेसने सुरुवात केली, त्याला बसवलं, रुडॉल्फ आला, त्याचा खांदा दुखावला, पुन्हा हॉजेस. सामना जेट्सनी 16-10 असा जिंकला. मला त्या खेळातलं तेव्हा फारसं कळत नव्हतं. पण पुढे उभे असलेले ते पाच धिप्पाड गडी दर वेळी मागे वळून बघत होते, ते मात्र माझ्या नजरेत राहिलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना थोडं सांगते. प्रत्येक बाजूला 11 जण असतात. चढाई करणाऱ्या बाजूची प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. एक चाल संपली की साधारण 40 सेकंदांत पुढची सुरू करावी लागते. प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये येतो आणि 15 सेकंद उरले की बंद होतो. त्यापुढे सगळं त्याच्यावर. त्याला वाचवणारे पाच जण त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. त्यांना तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो. त्याच्या हाळीच्या लयीवर ते उठतात. एक क्षण आधी हलले तर पाच यार्डांचा दंड, एक क्षण उशीर झाला तर समोरचा माणूस त्यांच्या क्वार्टरबॅकच्या छातीवर. माणूस बदलला की लय बदलते, आणि ती लय फक्त सरावात बसते.

हे मला पिट्सबर्गच्या आधी साताऱ्यात कळलं होतं, आणि फार महागात पडलं होतं. मुलींच्या कबड्डीचे विभागीय शालेय सामने होते. माझी मेन रेडर दहावीतली, तिचा गुडघा आठवडाभर आधी मुरगळला होता. दुसरी नववीतली, पायाने चपळ, पण बुजरी. मी आठवडाभर कोणालाच काही सांगितलं नाही. सराव मोठीबरोबर हळूहळू चालू ठेवला, धाकटीला म्हटलं, ‘तयार राहा.’ मला वाटायचं, नाव आधी सांगितलं तर एकीचं मन मोडेल आणि दुसरीला दडपण खाईल. टॉस झाला तरी धाकटी पायाला पट्टी गुंडाळत होती. तीनदा गुंडाळून तीनदा सोडली. मी तिचं नाव घेतलं तेव्हा पट्टीचं टोक तिच्या दातात होतं. ते तसंच धरून तिने माझ्याकडे बघितलं.

पहिल्या चढाईला ती ‘निदान रेषे’पर्यंत, म्हणजे चढाईत जी ओलांडावीच लागते त्या रेषेपर्यंत गेली आणि ती न ओलांडताच परत आली. बाद. इतकी साधी चूक तिने सरावात कधी केली नव्हती. पण आम्ही हरलो ते तेवढ्याने नाही. रेडर नुसती चढाई करत नसते, समोरची चढाई आली की तीच साखळीत उभी असते. मोठी उजव्या कोपऱ्याच्या शेजारी, तिचा हात धरून उभी राहायची. सामना संपल्यावर कोपऱ्याची मुलगी रडत रडत म्हणाली, ‘बाई, ताई हात दाबायची तेव्हा मी घोट्याला जायचे. हिने दाबलाच नाही.’ मी तीन वर्षं त्या दोघींना शिकवत होते आणि हा हात दाबण्याचा इशारा मला ठाऊक नव्हता. धाकटीला तर कुठून ठाऊक असणार? चार दिवस आधी नाव सांगितलं असतं तर धाकटीने आणि कोपऱ्याच्या मुलीने तो आपसात बसवला असता.

आता तुमच्या वादाकडे येते. तुम्ही चौघेही दोनच माणसांकडे बघताय. फील्ड्सचे सहात चार, विल्सनचे अकरात सहा, असे आकडे समोरासमोर ठेवून न्याय होत नाही. फील्ड्सने अटलांटा, डेन्व्हर, लॉस एंजेलिस चार्जर्स आणि लास वेगास यांना हरवलं. विल्सनने आल्याआल्या जेट्सना 37-15 असं धुतलं आणि पहिल्या सातांतले सहा जिंकले. मग पुढ्यात कोण आले ते बघा. फिलाडेल्फिया, ज्यांनी त्या वर्षी सुपर बोल जिंकला. कॅन्सस सिटी, ज्यांना फिलाडेल्फियाने त्याच अंतिम सामन्यात हरवलं. बाल्टिमोर तर दोनदा, साखळीत आणि बाद फेरीत. त्या महिन्यात फील्ड्स असता तर निकाल फिरले असते असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

तरी माझं मत विचारलंत म्हणून सांगते. अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. हंगाम सुरू होण्याआधी, ऑगस्टमध्येच टॉमलिन यांनी विल्सनचं नाव जाहीर केलं होतं. फील्ड्स राखीव म्हणून बसला होता आणि ते त्याला माहीत होतं. पण चार सामने जिंकलेल्या मुलाला उठवताना संघाची बसलेली लय उठवली जाते, आणि ती किंमत मी त्या प्रशिक्षकाच्या जागी असते तर मोजली नसती. मी फील्ड्सलाच ठेवलं असतं. तुमच्यातल्या दोघांना हे पटेल, दोघांना पटणार नाही. पण ‘अन्याय’ हा शब्द तेवढा मागे घ्या, कारण तुमचं बोलणं थांबलं ते त्या शब्दावर.

पिट्सबर्गच्याच मैदानावरचा एक जुना सामनाही तुम्ही चौघांनी बसून बघा. 2001 च्या सप्टेंबरात न्यू इंग्लंडचा ड्र्यू ब्लेडसो जबर जखमी झाला आणि निवडीत 199 व्या क्रमांकावर घेतलेला टॉम ब्रेडी खेळायला लागला. ब्लेडसो बरा होऊन आला तरी प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी नोव्हेंबरात स्पष्ट सांगून टाकलं, ब्रेडीच खेळेल. ब्लेडसोला ते लागलं असणारच. पण जानेवारीत स्टीलर्सविरुद्ध ब्रेडीचा घोटा दुखावला तेव्हा ब्लेडसो उतरला, टचडाउनचा, म्हणजे गुण मिळवून देणारा पास दिला आणि सामना काढून दिला. न्यू इंग्लंड अंतिम फेरीत गेलं. स्टीलर्सवाल्यांना हा सामना अजून सलतो, तुम्हालाही सलेल. पण बाकावर बसलेल्या माणसाने काय करून ठेवलेलं असतं ते त्यात दिसतं.

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमध्ये दुखापतीच्या यादीत ‘क्वेश्चनेबल’, ‘डाउटफुल’ असं लिहितात. त्याचा नेमका अर्थ काय?
— मिरज

उत्तर : ‘आउट’ म्हणजे खेळणार नाही, ‘डाउटफुल’ म्हणजे बहुधा नाही, ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे सांगता येत नाही. ‘प्रोबेबल’ हा चौथा शब्द 2016 मध्ये काढून टाकला. ही यादी जाहीर करणं संघांना बंधनकारक असतं आणि त्या दिवशी कोण खेळणार नाही ते सामन्याच्या 90 मिनिटं आधी कळवावं लागतं. आपल्याकडच्या पालकांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. निवड हुकेल म्हणून मुलीचा गुडघा प्रशिक्षकापासून लपवू नका. ‘दुखतंय, पण किती ते ठाऊक नाही’ एवढं सांगितलं तरी आम्हाला आठवडा आखता येतो.

प्रश्न : बाई, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, सलामीला खेळते. संघात दुसऱ्या दोन मुली सलामीला पक्क्या आहेत. दोन महिने झाले, ही फक्त पाणी घेऊन मैदानात जाते. घरी आली की बॅट कोपऱ्यात ठेवते आणि बोलत नाही. तिला थांबवू की दुसरीकडे घालू?
— एक आई, माधवनगर

उत्तर : ताई, तुम्ही माधवनगरच्या, म्हणजे स्मृती मानधनाच्या गावच्या. म्हणून तिच्याच जोडीदारणीची गोष्ट सांगते. 2025 च्या विश्वचषकात स्मृतीबरोबर प्रतिका रावल सलामीला होती आणि न्यूझीलंडविरुद्ध 122 करून ती भरात होती. 26 ऑक्टोबरला नवी मुंबईत बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना तिचा पाय मुरगळला आणि तिची स्पर्धा तिथेच संपली. उपांत्य सामना चार दिवसांवर, समोर ऑस्ट्रेलिया. तेव्हा शेफाली वर्माला बोलावलं. ती मूळ संघात नव्हतीच, वर्षभर एकदिवसीय संघाबाहेर होती. पण घरी बसलेली नव्हती. हरियाणाकडून देशांतर्गत स्पर्धा खेळत होती, बॅट हातात होती.

उपांत्य सामन्यात तिने दहाच धावा केल्या. मी टीव्हीसमोर बसून म्हटलं होतं, या पोरीला आता सगळे बोलणार. 2 नोव्हेंबरला अंतिम सामन्यात ती स्मृतीबरोबर उतरली, दोघींनी 104 ची सलामी दिली. शेफालीच्या 87 झाल्या. वर तिने दोन बळी घेतले आणि सामन्याची मानकरी ठरली. भारत 52 धावांनी जिंकला. जल्लोषात प्रतिका चाकांच्या खुर्चीवर बसून आली, ते पाहून मला भरून आलं. जागा एकच, आणि त्या रात्री दोघीही तिथे होत्या.

आता तुमच्या मुलीचं. दोन महिने हा काळ मोठा नाही, पण दोन महिने नेटमध्ये शेवटची पाच मिनिटं मिळणं फार मोठं आहे. म्हणून तिला विचारा, सरावात किती चेंडू खेळायला मिळतात? नवा चेंडू मिळतो का? त्या दोन पक्क्या मुलींपैकी एकीबरोबर जोडीने धावा पळायचा सराव होतो का? एकेरी धावेची हाक कोण देतं हे तिला ठाऊक आहे का? उत्तरं ‘नाही’ आली तर प्रशिक्षकांना भेटा. ‘माझ्या मुलीला खेळवा’ असं म्हणू नका. ‘आठवड्यातून दोन दिवस तिला नव्या चेंडूवर, दोघींपैकी एकीबरोबर जोडीने खेळू द्या’ एवढंच मागा. मी प्रशिक्षक होते, असं मागायला आलेल्या आईला मी कधी नाही म्हटलं नाही. ते नाही म्हणाले, तर मग दुसरीकडे घाला, बिनधास्त घाला, आणि तिला त्याचं कारण खरं खरं सांगा.

पाणी घेऊन जाते त्याचं वाईट वाटून घेऊ देऊ नका. पाणी देताना ती खेळपट्टीपर्यंत जाते, खेळणाऱ्या मुलीला दोन शब्द विचारू शकते. चेंडू खाली राहतोय का, डावखुरी गोलंदाज कुठे टाकतेय. आज घरी आली की तिला विचारा, मैदानात गेलीस तेव्हा त्या मुलीशी काय बोललीस? आणि बॅट कोपऱ्यातून काढून तिच्या हातात द्या. ग्रिप झिजली असेल, नवीन बसवून घ्या.