पोरं सांभाळायला एमए कशाला?

बाय,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण लाईट गेलेली नि फोनला चार टक्के चार्जिंग, म्हणून आज सवडीने लिहितेय. बालशिक्षणातलं एमए पहिलं सेमिस्टर संपायच्या आतच सोडायचं म्हणतेस. इंग्रजी पेपर डोक्यावरून जातात, हॉस्टेलच्या जेवणात आठ-आठ दिवस मासळी नाही आणि गावाला फोन केला की जो तो विचारतो, पोरं सांभाळायला एमए कशाला? हाच प्रश्न मला 39 व्या वर्षी विचारलेला, तोही घरातूनच, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सर्टिफिकेटसाठीच अ‍ॅडमिशन घेतलेली, उगाच खोटं कशाला बोलू. सोळा वर्षं बालवाडी चालवलेली, आता मला कोण काय शिकवणार असा तोरा होता.

पहिलंच ऑब्झर्व्हेशन लिहून दिलं, 'मुलगी हट्टी आहे, कोणात मिसळत नाही.' मॅडमनी खाली लाल पेनाने लिहिलं, हे तुमचं मत झालं, मुलीने काय केलं ते कुठेय? असला राग आला मला! पण दुसऱ्या दिवशी जाऊन बसले, वीस मिनिटं तोंड बंद ठेवायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. ती तीन वेळा ठोकळ्यांजवळ गेली, तिन्ही वेळा आधी बाकीच्यांचे हात बघितले नि मागे फिरली, चौथ्यांदा एक ठोकळा उचलून फ्रॉकच्या खिशात घातला आणि कोपऱ्यात जाऊन एकटीच खेळली. हट्टी कुठली, अंदाज घेत होती ती. आणि सोळा वर्षांत एकदाही मी वर्गात वीस मिनिटं गप्प बसलेले नव्हते.

आता एक सांगते, फार कोणाला सांगत नाही. बालवाडीच्या पहिल्याच वर्षी बंदरावरचा एक मुलगा होता. दुसऱ्या दिवशी चित्र बघून 'म्हावरा' म्हणाला, नि मी लगेच, म्हावरा नाही राजा, मासा म्हणायचं. ओरडले नाही हो, हसतच म्हणाले. त्यानंतर तो दिवाळीपर्यंत शाळेत एक शब्द बोलला नाही. रजिस्टरात मी लिहून मोकळी, 'बोलत नाही'. बाजारात तोच आईच्या पाटीमागे उभा राहून गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालताना दिसला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. सोळा वर्षांनी, घरची भाषा आणि शाळेची भाषा यावरचं युनिट वाचत होते, अर्ध्यात पुस्तक मिटलं आणि पडवीत जाऊन बसले. तो आता बोटीवर असतो, भेटला की हसतो, त्याला यातलं काही आठवत पण नसेल.

पियाजे लागलाच असेल तुम्हाला, मुलं विचार कसा करतात ते तपासणारा मानसशास्त्रज्ञ. त्याचा तो प्रयोग, दोन सारखे ग्लास, सारखेच भरलेले, एकातलं उंच ग्लासात ओतायचं, सहा-सात वर्षांच्या आतली बहुतेक मुलं उंच ग्लासात जास्त आहे म्हणतात. मी कोकम सरबत घेऊन केला, अगदी पुस्तकातल्यासारखं झालं, मी खूश. मग मॅडमनी 1969 चा एक पेपर हातात ठेवला, मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांचा. मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे त्या मुलांना त्यांच्याच वयाच्या बाकीच्या मुलांपेक्षा जास्त कळत होतं, कारण हात रोज मातीत. ते वाचल्यावर माझ्या डोळ्यापुढे हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव आला. गेले ना तिथे, आजीशेजारी एक साडेपाच वर्षांची पोर बसलेली, समोर बांगड्याचे दोन वाटे, सहा-सहाचे. एक वाटा मी पसरून लांब केला नि विचारलं, आता कुठे जास्त? तिने माझ्याकडे असं बघितलं, म्हणाली, "सारखेच हायत. तू एक तरी टाकलास काय वरती?"

मॅडम म्हणाल्या एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, शिवाय मोजायच्या वस्तूंचं मुलांना पाण्याच्या आधीच जमतं, दोन्ही एका मापात धरू नका. बरोबरच होतं. पण माझं डिझर्टेशन, म्हणजे शेवटचा प्रबंध, तिथून निघालं. तुझा विषय पण असाच घराजवळ शोध, दिल्लीच्या मुलांवर लिहायला दिल्लीत माणसं आहेत.

आणि गाववाल्यांना उत्तर द्यायचंच असेल तर बोर्डीचं सांग. 1945 मध्ये बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक तिथे गेल्या, आपलाच समुद्र, फक्त वरच्या अंगाला, जोडीला अनुताई वाघ. पाड्यावरची पोरं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. 1957 ला कोसबाडला गेल्यावर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. ताराबाई मॉन्टेसरीची बालशिक्षण पद्धत कोळून प्यायलेल्या, पण महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, खडे वापरले. नीट शिकलेलं असल्याशिवाय कुठलं सोडायचं नि कुठलं ठेवायचं हे कळत नाही गं.

इंग्रजीचं म्हणशील तर रोज दोनच पानं वाच, आणि रात्री आईला फोनवर मराठीत सांग. ती "म्हणजे काय?" म्हणाली की तुला कळलेलं नाही, परत वाच. मी हेच सासूबाईंवर केलं, त्या भात वैरत ऐकायच्या.

फिल्डवर्कला अंगणवाडीत गेलीस की पहिले दोन दिवस वही पिशवीतच ठेव. ताईंना वाटतं ऑफिसातून कोणी तपासायला आलंय. त्यांच्या मागे पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर भरायची माहिती, वजनं, खिचडी, त्यात मोबाईलला रेंज नाही. तांदूळ निवडायला बस, त्या आपणहून बोलतील.

पगाराचं विचारलंयस. लगेच फार फरक पडेल असं मी म्हणणार नाही, माझा तर दोन वर्षं काहीच पडला नाही. मुख्यसेविकेची, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाईंच्या जागेची, जाहिरात निघते का त्यावर लक्ष ठेव.

शिमग्याला येतेसच ना? संध्याकाळच्या लिलावाला जाऊ हर्णैला. वही आण, पेन दोन आण, एक वाळूत पडतंच.

तुझी,
बाई