घराच्या दुरुस्तीचं काम तुकड्यांत कसं मांडू, म्हणजे खर्चाचा हिशेब लागेल?

तुमचा दादरच्या जुन्या बिल्डिंगमधला, तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. काँट्रॅक्टरने 'प्लंबिंग, टाइल्स, सुतारकाम, रंग' असं चार ओळींचं कोटेशन दिलंय. मी सतरा वर्षं हीच कामं घेतो. ते कोटेशन आधी परत करा. चार ओळींत भांडणाशिवाय काही मावत नाही.

काम कारागिरांप्रमाणे तोडू नका. 'हे झालं' असं बोट ठेवून दाखवता येईल, एवढा एकेक तुकडा करा. बाथरूमच घ्या: तोडफोड, पाइपलाइन, वॉटरप्रूफिंग, भिंतीच्या टाइल्स, फरशी, फिटिंग. वॉटरप्रूफिंग झालं कधी म्हणायचं? 48 तास पाणी भरून ठेवलं आणि खालच्या काकूंच्या छताला ओल आली नाही, तेव्हा. त्याचे पैसेही तेव्हाच.

प्रत्येक तुकड्यापुढे माप, दर, रक्कम. 7 बाय 4 फुटांचं बाथरूम, टाइल्स 7 फुटांपर्यंत: भिंती 154 चौरस फूट, दार वजा जाता 136च्या आसपास, फरशी 28. झाले साधारण 165, तुटफूट धरून 180 मागवा. कोणी 220 सांगितले तर निदान विचारता तरी येतं.

लिफ्ट नसेल तर रेती-सिमेंट वर चढवायची मजुरी, राबिट (तोडफोडीचा मलबा) खाली उतरवणं, त्याचा टेम्पो, यांना वेगळ्या ओळी द्या. एका कामात मी हे सगळं 'किरकोळ'मध्ये टाकत गेलो. शेवटी किरकोळ रंगकामापेक्षा मोठं निघालं! स्क्रू-खिळे मात्र मोजत बसू नका. दोन ते पाच दिवसांचा तुकडा पुरे.

तुकड्यांना नंबर द्या आणि बिल हातात आलं की तो नंबर त्यावर पेनाने लिहा. मग शनिवारी, मजुरांची खर्ची द्यायच्या आधी, वही उघडा. समजा बाथरूमचे ठरले 1,80,000 आणि गेले 90,000. वाटतं, अर्धं झालं. पण पुऱ्या झालेल्या तुकड्यांची ठरलेली रक्कम भरते 60,000. याच चालीने गेलात तर 2,70,000 लागतील. प्रोजेक्टवाले त्या 60,000ला 'अर्न्ड व्हॅल्यू' म्हणतात. फक्त हॉलमध्ये पडून असलेल्या टाइल्सचे पैसे गेलेल्या रकमेतून बाजूला काढा, नाहीतर उगाच धसका घ्याल.

अर्धवट तुकडा शून्य धरा. 'नव्वद टक्के झालंय साहेब' हे मीच गिऱ्हाइकांना कितीदा सांगितलंय.