पुस्तकांविषयी विचारा : झेड नाही म्हणून काय झालं?

प्रश्न : ताई, माझी सगळी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात गेली. आता वेळच वेळ आहे. नातीने स्यू ग्राफ्टन या अमेरिकन लेखिकेची किन्झी मिलहोन ही मालिका सुचवली. बाई डिटेक्टिव्ह, आणि पुस्तकांची नावं ए, बी, सी अशी. पण झेड लिहायच्या आधीच लेखिका गेल्या म्हणे. पंचवीस पुस्तकं वाचायची आणि शेवटच नाही, हा कुठला व्यवहार? क्रमानेच वाचावी लागतात का? माझं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारापुरतं आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : काका, शेवटाची काळजी सोडा. प्रत्येक पुस्तकातला गुन्हा त्याच पुस्तकात निकालात निघतो. ‘वाय’ ऑगस्ट २०१७ मध्ये आलं आणि डिसेंबरात ग्राफ्टन कर्करोगाने गेल्या. त्यांच्या नावावर दुसऱ्या कुणी लिहायचं नाही, हे त्यांनी घरच्यांना बजावून ठेवलं होतं. मुलीने जाहीर करून टाकलं, आमच्यापुरती वर्णमाला आता वायला संपते. मला हे फार आवडलं. लेखक गेल्यावरही त्याच्या नावाची पाटी लावून चालणारी दुकानं काय कमी आहेत?

सुरुवात ‘ए’नेच करा. १९८२चं पुस्तक. घटस्फोटाचे खटले चालवणारा एक वकील विषाने मरतो, बायकोला शिक्षा होते. आठ वर्षांनी ती सुटून येते आणि खरा खुनी शोधायला किन्झीला गाठते. विष कसलं, तर कण्हेरीचं! अ‍ॅलर्जीच्या गोळीत भरलेलं. आपल्या अंगणातली, देवाला वाहायची कण्हेर. स्वतः ग्राफ्टन तेव्हा घटस्फोट आणि मुलांच्या ताब्यासाठी कोर्टात भांडत होत्या. रात्री पडल्या पडल्या नवऱ्याला कसं संपवावं याचे बेत करायच्या, हे त्यांनीच मुलाखतींतून सांगितलंय. बेत कागदावर उतरला, नवरा वाचला.

किन्झी बत्तीस वर्षांची, दोनदा घटस्फोट झालेली, पाचव्या वर्षी आईवडील अपघातात गमावून मावशीकडे वाढलेली. नखं कापायच्या कात्रीने स्वतःचे केस कापते. समारंभाला जायचं तर एकुलता एक काळा ड्रेस. राहते घरमालकाच्या गॅरेजची खोली केली आहे तिथे. हा घरमालक हेन्री ऐंशी ओलांडलेला, निवृत्त बेकर, शब्दकोडी रचणारा. खरं सांगू? पुढे पुढे खुनी कोण हे मला आठवतही नाही, पण हेन्रीची खुशाली कळावी म्हणून मी पुढचं पुस्तक उघडते.

तुम्हाला तर हे खासच आवडेल. पुस्तकं पस्तीस वर्षं येत राहिली, पण कथेतला काळ १९८२ वरून जेमतेम १९८९ पर्यंत सरकतो. म्हणजे मोबाइल नाही, इंटरनेट नाही. बाई सरकारी दप्तरात बसून मालमत्तेचे दस्त, लग्नाच्या नोंदी, जुन्या डिरेक्टऱ्या चाळते, टिपणं कार्डांवर लिहून भिंतीवर लावते. दस्तातला घोळ तुम्हाला तिच्या आधी दिसेल! इंग्रजीचीही भीती नको. सगळं तिच्याच तोंडून, छोट्या वाक्यांत येतं. सुरुवातीची पुस्तकं तर साहेबाला अहवाल सादर करावा तशी, खाली आदरपूर्वक सही करून संपतात.

क्रम सगळीकडे पाळायला नको, पण ‘ई’ ते ‘जे’ ओळीने वाचा. तिच्या राहत्या जागेवर बेततं, विमा कंपनीतलं ऑफिस सुटतं, आणि ‘जे’मध्ये अचानक आजोळचा पत्ता लागतो. हे उलटसुलट वाचलं तर मजा जाते.

पुढची पुस्तकं जाडजूड झाली, हे मात्र खरं. किन्झी कुठल्याही खोलीत शिरली की सोफ्याचं कापडसुद्धा वर्णन करते. मी ती पानं सरळ उलटते. पण २००७चं ‘टी’ सोडू नका. शेजारचे एकटे म्हातारे गृहस्थ पडतात, त्यांच्या देखभालीला एक बाई ठेवली जाते, आणि बाई आलेली असते दुसरीच्याच नावावर. हळूहळू औषधं, पैसे, घर, सगळं तिच्या हातात जातं. आमच्या सोसायटीत निम्म्या घरांतली मुलं परदेशात, त्यामुळे मला इतकी भीती कुठल्याही खुनाने वाटली नव्हती. ते रात्री वाचायला घेऊ नका.

ग्राफ्टन आवडल्या तर सारा पॅरेत्स्की या लेखिकेची शिकागोतली बाई डिटेक्टिव्ह वॉरशॉस्कीही बघा, तीही १९८२चीच. जास्त चिडकी, राजकारणात जास्त रस असलेली. ती नंतर.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात ही मालिका सुटी सुटी मिळते. ‘ए’ नाही मिळालं तर ‘बी’ घ्या, चालेल. ‘जे’ मात्र आधी उघडू नका, नातीने कितीही आग्रह केला तरी.