वारा थांबला तर हीटरचं काय होतं?

घरातली वीज : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात इस्त्रीच्या थर्मोस्टॅटवर लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक हीटरची. डिसेंबर आहे, साहजिकच. निवृत्त होईपर्यंत मी घरगुती उपकरणांच्या एका कारखान्यात चाचणी विभागात काम केलं आणि फॅन हीटर हे तिथलं माझं सगळ्यात जिव्हाळ्याचं यंत्र. हजार-दोन हजारांत मिळणाऱ्या या खोक्याकडे लोक तापलेली तार म्हणून बघतात, पंखा त्यांना जोडीला दिलेला वाटतो. मला नेहमी आधी पंखा दिसतो. तार काय, वीज दिली की तापतेच. ती तापल्यावर पुढे काय होणार, हे वाऱ्यावर ठरतं. म्हणून या वेळची सगळी जागा हीटरलाच दिली आहे.

प्रश्न : ताई, आमच्याकडे कॉइलचा २००० वॅटचा फॅन हीटर आहे. या थंडीत तो दहा-पंधरा मिनिटं चालला की बंद पडायचा, गार झाला की परत सुरू व्हायचा. गावातल्या मेकॅनिककडे नेला. कटआउट खराब झालाय म्हणून त्याने तो काढून डायरेक्ट करून दिला. आता न थांबता चालतो, फक्त जरा करपट वास येतो. असाच वापरला तर चालेल ना? मुलं त्याच खोलीत झोपतात.
— एक वाचक, निफाड

चालणार नाही. आधी उठून हीटरची पिन काढून ठेवा, मग पुढचं वाचा.

निफाडची थंडी मला माहीत आहे. जिथे द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, तिथे मुलांसाठी हीटर हवाच. पण हा नको.

कटआउट म्हणजे हीटर प्रमाणाबाहेर तापला की वीज तोडणारा स्विच. तुमचा कटआउट खराब नव्हता. तो त्याचं काम चोख करत होता. थोडा वेळ चालून बंद पडणं आणि गार झाल्यावर आपोआप सुरू होणं, हे वारा कमी पडत असल्याचं लक्षण आहे. मेकॅनिकने दुखणं तसंच ठेवलं आणि ते सांगणाऱ्याला काढून टाकलं.

हिशोब करून बघा. २००० वॅटचा हीटर तासाला १०० घनमीटर हवा फेकत असेल, तर ती हवा खोलीतल्या हवेपेक्षा साधारण ६० अंशांनी गरम होऊन बाहेर पडते. खोलीत १२ अंश असतील तर जाळीपाशी ७२. आता मागच्या जाळीवर धूळ बसली आणि वारा निम्मा झाला, असं धरा. वीज तेवढीच जाते, उष्णता तेवढीच तयार होते, पण ती निम्म्या हवेत मावायला लागते. म्हणजे वाढ ६० ऐवजी १२० अंशांची. आणि पंखा पूर्ण थांबला तर उष्णता बाहेर काढणारं कुणी उरतच नाही. तार लालभडक होते आणि भोवतीचं प्लॅस्टिक मऊ पडायला लागतं.

अशा वेळी तारच जळून तुटेल आणि हीटर आपोआप बंद पडेल, असं पुष्कळांना वाटतं. या भरवशावर राहू नका. ही तार नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची असते. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि विजेवर तापणाऱ्या घरगुती वस्तूंचा रस्ता मोकळा झाला, कारण त्याआधी हवेत लाल होऊनही टिकेल अशी परवडणारी तार नव्हती. नायक्रोम तापला की त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो आतल्या धातूला जळू देत नाही. वितळायला तिला सुमारे १४०० अंश लागतात. म्हणजे तार टिकेल हो, तिच्याभोवतीचं खोकं आणि शेजारची चादर टिकणार नाही.

म्हणून कटआउट. कोटाच्या बटणाएवढी एक गोल डबी असते, आत दोन वेगवेगळ्या धातूंची चिकटवलेली, किंचित फुगीर चकती. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे ठरलेल्या तापमानाला चकती टक्कन उलटी वळते आणि आतला संपर्क सुटतो. गार झाली की परत वळते. बऱ्याच हीटरमध्ये याच्या जोडीला थर्मल फ्यूज असतो, तो एकदा उडाला की उडाला. तो सोल्डर करून बसवत नाहीत, तारेच्या टोकावर धातूची लहान टोपी (लग) दाबून बसवतात, कारण सोल्डरच्या उष्णतेनेच तो उडू शकतो. तुमच्या मेकॅनिकने हा फ्यूजही डायरेक्ट केला आहे का, ते मला इथून कळायला मार्ग नाही, पण केलेला आहे असंच धरून चाला.

कारखान्यात आम्ही पंखा मुद्दाम जाम करून हीटर चालू करायचो, कधी वरून कापड झाकायचो, आणि समोर उभं राहून बघायचो. कटआउट वेळेवर तुटतो का, खोकं वाकतं का, धूर येतो का. तुमचा हीटर आज या चाचणीला बसवला तर तो पास होणार नाही, हे मी न बघता सांगते.

आता उपाय. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्या आणि काय काय काढलंय ते स्पष्ट सांगा. कटआउट त्याच तापमानाचा बसवून घ्या. आकडा त्याच्या पाठीवर छापलेला असतो. मग वारा का कमी पडतो ते बघायला सांगा. मागच्या जाळीत कापसासारखी धूळ अडकलेली असते, ती पिन काढून कोरड्या ब्रशने तुम्हालाही साफ करता येते. दुसरं कारण मोटरचा बुश, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ती कडी. त्यातलं तेल सुकलं की पंखा जड फिरतो. पिन काढलेली असताना पातं टिचकीने फिरवलं तर ते थोडं तरी आपणहून फिरत राहिलं पाहिजे. लगेच अडलं तर बुशला तेल हवं किंवा मोटर बदलायला हवी. सर्व्हिस सेंटर जवळ नसेल आणि मूळ कटआउट मिळत नसेल, तर हीटर भंगारात द्या. कुणाला फुकटही देऊ नका.

वासाबद्दल एक. हंगामात पहिल्यांदा लावल्यावर कॉइलवरची धूळ जळते, त्याचा वास पाच-दहा मिनिटांत जातो. तुमचा जात नाही, म्हणजे धुळीशिवाय आणखीही काही तापतंय.

प्रश्न : हीटर लावला की प्लग हाताला चटका बसेल इतका गरम होतो. पिना जाड आहेत म्हणून कन्व्हर्टर लावून साध्या पॉइंटवर चालवतो. हीटर बिघडलाय का?
— एक वाचक, संगमनेर

हीटर नाही, पॉइंट. साधा पॉइंट ६ अँपिअरचा असतो आणि तुमचा हीटर २००० वॅटचा असेल तर जवळजवळ ९ घेतो. जाड पिना दिल्या आहेत त्या साध्या पॉइंटमध्ये जाऊ नयेत म्हणूनच. कन्व्हर्टरमध्ये संपर्क ढिला असतो. तिथे नुसता ०.१ ओहमचा रोध आला तरी त्या चिमुकल्या जागेत साडेसात वॅट उष्णता तयार होते, आणि तिथे पंखा नाही. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, त्याला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर आणि नीट अर्थिंग, एवढं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. तोपर्यंत हीटर बंद. गुंडाळलेल्या एक्स्टेंशन बोर्डवरही नको.

प्रश्न : नोकरीमुळे आम्ही दिल्लीला आहोत. दुकानदार म्हणतो, कॉइलपेक्षा सिरॅमिक हीटर घ्या, निम्मी वीज लागते. खरं आहे का?
— एक वाचिका, दिल्ली

निम्मी वीज हे खोटं आहे. १५०० वॅटचा कुठलाही हीटर पूर्ण तास चालला की दीड युनिट घेतो आणि दीड युनिटचीच उष्णता देतो, तो कॉइलचा असो, सिरॅमिकचा असो की तेलाचा. कमी विजेत जास्त ऊब हवी असेल तर गरम हवा देणारा उलटसुलट चालणारा एसी लागतो. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून त्याचं गणित वेगळं.

पण सिरॅमिक घ्या, असं मीही सांगेन, वेगळ्या कारणासाठी. त्यातल्या वड्या बेरियम टायटनेटच्या असतात. ठरावीक तापमानापलीकडे गेलं की या पदार्थाचा रोध एकदम वाढतो आणि वीज आपोआप कमी ओढली जाते. म्हणजे पंखा अडला तरी या वड्या नायक्रोमसारख्या तापत सुटत नाहीत. हा गुण त्या पदार्थातच आहे, वेगळं बटण किंवा स्प्रिंग लागत नाही. मला ही रचना फार आवडते. तरीही चांगल्या सिरॅमिक हीटरमध्ये कटआउट असतोच आणि असायलाच हवा. जाळीवर टॉवेल पडला तर आतलं प्लॅस्टिक कुणीतरी सांभाळायला हवं. कलंडला की बंद करणारं बटण तळाशी आहे ना, हेही बघा. दुकानातच चालू करून उचलून खात्री करा. आणि आयएसआय खूण. रूम हीटरला आपल्याकडे ती सक्तीची आहे, आयएस ३०२ या मानकात त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

प्रश्न : हीटर खोलीतला ऑक्सिजन जाळतो म्हणून सासूबाई तो लावू देत नाहीत. त्यांना रात्री कोळशाची शेगडी बरी वाटते. हीटर लावला की त्यांना कोरडा खोकलाही येतो.
— एक वाचिका, महाबळेश्वर

तुमचं पत्र वाचून मी अस्वस्थ झाले. सासूबाईंना प्रेमाने पण ठामपणे सांगा, ऑक्सिजन शेगडी जाळते. विजेच्या हीटरमध्ये काहीच जळत नाही, तार नुसती तापते. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. दारं-खिडक्या लावून निजताना शेगडी आत ठेवायची नाही, निखारे राखेखाली गेलेले असले तरी नाही.

खोकल्याची तक्रार मात्र खरी आहे. हीटर हवेतलं पाणी काढून घेत नाही, पण हवा तापली की ती जास्त बाष्प धरू शकते. १२ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा २४ अंशांवर नेली की आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास येते. घसा कोरडा पडणारच. २४ ऐवजी १९-२० वर थांबा, वारा थेट त्यांच्या अंगावर येऊ देऊ नका, खोलीत पसरट भांड्यात पाणी ठेवा, हीटरपासून लांब. झोपण्याआधी खोली तापवून घ्या आणि रात्री हीटर बंद करा. तुमच्याकडच्या जुन्या घरांच्या दगडी भिंती तापायला वेळ घेतात, पण एकदा तापल्या की ऊब धरून ठेवतात, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी लावा.

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला १००० वॅटचा फॅन हीटर स्वतः डिझाइन करतोय. तार किती जाडीची आणि किती लांब घ्यावी? कटआउट कुठे बसवावा?
— एक विद्यार्थी, सोलापूर

छान विषय घेतलास. २३० व्होल्टवर १००० वॅट म्हणजे रोध ५२.९ ओहम हवा. नायक्रोमची ०.४ मिलिमीटरची तार घेतलीस तर साधारण ६ मीटर लागेल, ०.५ ची घेतलीस तर साडेनऊ मीटर. वॅट दोन्हीकडे तेवढेच. पण तारेचा पृष्ठभाग काढून बघ. पहिल्या तारेला दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १३ वॅट हवेला द्यावे लागतात, दुसरीला पावणेसात. जाड, लांब तार तेवढीच उष्णता कमी तापून देते. तार थोडी महाग पडेल, पडू दे. पैसे वाचवायला बारीक तार घेतलेले हीटर मी पुष्कळ बघितलेत. त्यांची कॉइल नीट वारा असतानाही लाल दिसते.

कॉइल खाचा पाडलेल्या अभ्रकाच्या पट्ट्यांवर ओव, वेटोळी सैल पडून एकमेकांना चिकटणार नाहीत अशी. मोटर मागे, गार हवेच्या बाजूला ठेव. कटआउट कॉइलच्या वर. वारा चालू असताना गरम हवा पुढे जाते, पण पंखा थांबला की ती वर चढते, आणि तेव्हाच तर तुला कटआउटची गरज आहे. पुढे किंवा खाली बसवलास तर त्याला बातमी उशिरा कळेल. स्विच असा निवड की पंखा लागल्याशिवाय कॉइल लागणारच नाही: बंद, पंखा, मग कॉइल. पुढच्या जाळीच्या फटी बोट आत जाणार नाही इतक्या अरुंद हव्यात. मानकात तपासायला १२ मिलिमीटर जाडीचं खोटं बोट वापरतात, तसं एक वर्कशॉपमध्ये बनवून घे.

पंखा जाम करून चाचणी घेशील ती सरांच्या समोर, एमसीबी असलेल्या बोर्डवर आणि वाळूची बादली शेजारी ठेवून घे. कटआउट किती सेकंदांत तुटला आणि तेव्हा खोक्याच्या वरच्या बाजूचं तापमान किती होतं, हे दोन आकडे मला पाठव. ते बघून तुझी कटआउटची जागा बरोबर आहे की हलवायला हवी, ते कळवते.