सातवीतली मुलगी एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेच्या तयारीत वस्तुचित्रात तांब्याचं बूड नेहमी सपाट काढते. काय करावं?

छायाप्रकाश आठवडाभर बाजूला ठेवा आणि तिला फक्त लंबवर्तुळं काढायला लावा. शाळेत चित्रकला शिकवताना हीच चूक मला दर वर्गात दिसते: तांब्या जमिनीवर टेकलाय हे ठाऊक असतं, म्हणून मुलं खाली सरळ रेघ ओढतात. काचेच्या ग्लासात अर्धं पाणी भरून तिच्यासमोर धरा. डोळ्याच्या रेषेत पाण्याची कड नुसती रेघ दिसते. ग्लास खाली नेला की तीच रुंदावून लंबवर्तुळ होते. तांब्याचं बूड तोंडापेक्षा खाली असतं, म्हणजे बुडाचा बाक तोंडापेक्षा जास्तच हवा. (पट्टी मात्र लपवून ठेवा!) धाकटं भावंड पहिली-दुसरीत असेल तर त्याचा सपाट तांब्या अजिबात दुरुस्त करू नका; त्या वयात तसंच काढणं स्वाभाविक आहे.