केज तालुक्यातल्या वाडीवर म्हातारा पेशंट घरीच वारला, तर जीपीने (जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने) मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट द्यावं का?

हो, द्यावं, पण शेवटच्या आजारात उपचार तुमचेच चालू असतील आणि मरण नैसर्गिक असेल तरच. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९, कलम १०(३) नुसार उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देणं बंधनकारक आहे, तेही एक पैसा न घेता. घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४अ असतो. नमुना ४ दवाखान्यात ॲडमिट असलेल्यांसाठी. लेटरहेडवर दोन ओळी खरडून देऊ नका. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘हार्ट फेल’ किंवा ‘श्वास बंद पडला’ लिहिणारे बरेच आहेत, पण हृदय तर प्रत्येकाचंच थांबतं. मूळ आजार लिहा: मधुमेह, जुना दमा, पक्षाघात, जे असेल ते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे प्रमाणपत्र निबंधकाकडे (जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जातं आणि प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. मृत्यूचा दाखला मात्र तुम्ही देत नाही; तो ग्रामपंचायतीत नोंद झाल्यावर मिळतो, आणि ती नोंद २१ दिवसांत व्हायला हवी.

सही कुठे करायची नाही, तेही सांगतो: साप चावला, फवारणीचं औषध पोटात गेलं, विहिरीत पडला, शॉक लागला, गळफास, अपघात, किंवा नुसता संशय जरी आला तरी. मग पोलिसांना कळवा, पुढचा पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम त्यांच्याकडे. सरपंच दारात येऊन बसले, “डॉक्टरसाहेब, एवढं करून द्या की” म्हणाले, तरीही नाही. पेशंट कधी तपासलेलाच नसेल, तरीही नाही.